बुटक्यावरची गादी

धुकं तिसऱ्या दिवशीही उठलं नाही. ओळीतलं चौथं झाड दिसायचं, पाचवं असेल असं धरून चालायचं. तशा धुक्यातच सुनेनं बुटका धुवायला काढला.

बुटका म्हणजे बागेतलं गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर. मोठ्या ट्रॅक्टरशेजारी उभा केला तर त्याचं वासरू वाटावं. पोटाखाली पाती, वर परातीएवढी लोखंडी बैठक. संत्र्याच्या दोन ओळींमधून तो असा नेमका जायचा, की बाग लावणाऱ्यानं आधी त्याचं माप घेतलं असावं. त्यावर बसायचं ते सासऱ्यानं. दुसरं कुणी कधी बसलं नव्हतं. सून मागून चालायची, दंताळ्यानं गवत ओढायची, पात्यात अडकलेलं काढायची. तिचा नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर. यायचा पाहुण्यासारखा आणि जायचा चोरासारखा.

बाग मालकाची, बुटका मालकाचा, आणि शेडला चिकटून ज्या दोन खोल्यांत हे घर राहत होतं, त्याही मालकाच्याच. काम आहे तोवर खोल्या, अशी बोली. आदल्या दिवशी मालक फाटकाशी गाडी थांबवून, काच अर्धीच खाली करून बोलून गेला होता.

"गवत गुडघ्याला लागलंय. तेरवा दुपारी तोडणीची माणसं येतील. त्याआधी ओळी मोकळ्या हव्यात. सकाळी मी येऊन बघणार. जमत नसेल तर आत्ताच सांगा. माझ्याकडे दुसरा माणूस तयार आहे. बायकापोरांचा धनी आहे, त्यालाही खोल्या लागतील."

"जमतं की," सासरा म्हणाला. "न जमायला काय झालंय?"

मालकानं आवाजाच्या दिशेनं पाहिलं, डोळे बारीक केले आणि काच वर केली. ज्याच्याशी आपण बोललो तो माणूस त्याला धुक्यात दिसला तरी होता का, असं सुनेला उगाच वाटून गेलं.

म्हणून हे धुणं. यंत्र लखलखीत दिसलं की त्यावर बसणाराही ठणठणीत दिसेल, एवढाच तिचा विचार. तिनं पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबलं, पाण्याची सुरी केली आणि बुटक्याच्या सांध्यासांध्यातून फिरवली. वाळलेला पाला, तेलाचा चिखल, मुंग्यांचं एक अख्खं घर, सगळं वाहत आलं. इंजिनाच्या बोळकांड्यांतही तिनं पाणी मारलं. तान्ह्याच्या कानामागचं धुवावं तसं.

शेवटी राहिली बैठकीवरची गादी. गोणपाटाची, काळीकुट्ट झालेली. उचलायला गेली तर हातातून निसटली, इतकी जड. पाणी प्यायली असेल म्हणून तिनं पिळायला घेतली, तर आत कडक काहीतरी लागलं. शिवण उसवली तेव्हा नदीतले चपटे दगड निघाले. चार. एकेक दगड आपापल्या कप्प्यात शिवलेला.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. "म्हातारपणी हाडांखाली दगड? गादी उडू नये म्हणून घातले असतील. यांचं आपलं एकेक!"

दगड तिनं पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर रचून ठेवले. गोणपाट धुतलं, चुलीशी वाळवलं, त्यात जुन्या कपड्यांच्या चिंध्या भरल्या आणि तोंड शिवून टाकलं. हात दाबून पाहिला. फुलासारखी झाली होती.

सासू उंबऱ्यात बसून फळांच्या जाळीच्या पिशव्या विणत होती. तिचे डोळे जाऊन बरीच वर्षं झाली होती. बोटांनी गाठी बघायची, आणि बाकीचं जग कानांनी.

"काय करतेस गं एवढा वेळ?"

"मामंजींची गादी मऊ केली, आत्याबाई."

"कर बाई. तो काही मागायचा नाही." सासूची बोटं थांबली. "सूनबाई, तो घरात आहे का आत्ता?"

सुनेनं वळून पाहिलं. सासरा सासूच्या मागेच, दाराशी, हातभर अंतरावर उभा होता. कधी आला कुणास ठाऊक. अंगणात सगळी खडी पसरलेली, मांजर गेलं तरी वाजायची.

"आहेत की. तुमच्या मागेच आहेत."

"बघ," सासू हळू म्हणाली. "हल्ली असंच येतो. पावलाविण येतो, पावलाविण जातो."

सासरा हसला. "म्हातारे, तुझे कान गेले आता. डोळ्यांच्या पाठोपाठ."

"माझे कान गेले तर बुटका कसा ऐकू येतो मला? त्या तिकडच्या ओळीतला?"

यावर तो बुटक्याकडे गेला, त्याच्या चकाकत्या पाठीवरून हात फिरवला. मग हात गादीवर गेला. गादी दबली. त्यानं हात तसाच ठेवला, बराच वेळ.

"मऊ केलीस?"

"हो, मामंजी. हाडांना टोचू नये म्हणून. आत दगड होते."

"होते खरे," सासरा म्हणाला. "बरं केलंस."

तो चढून बसला. किल्ली फिरवली. बुटका घरघरला, खोकला, एक ओला उसासा टाकला आणि गप्प झाला. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

"पाणी गेलं आत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तिला सुटका झाल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. "पाणीच गेलंय. दुसरं काही नाही."

सुनेनं पाइपाकडे पाहिलं. "मीच मेलीनं मारलं हो पाइपानं, थेट आत."

"असू दे. पाणीच ते. गेलं तसं निघेल."

तो सांगत गेला, ती करत गेली. प्लग काढला, तर टोकाशी पाण्याचा मणी. फडक्यानं पुसला, तव्यावर ठेवून गरम केला. हवेच्या जाळीतला स्पंज पिळला. पेट्रोलची वाटी उलटी केली, तर तळाशी पाण्याचे दोन थेंब डोळ्यांसारखे वर बघत होते. सासरा शेडच्या दांडीला धरून उभा होता. पाना द्यायला त्यानं हात पुढे केला तेव्हा बाही कोपरापर्यंत मागे सरकली. आत हात होता, पण बाहीला त्याचा पत्ता नव्हता.

रात्रभर वाळू दे, असं ठरलं.

सकाळी धुकं आणखी खाली उतरलेलं. सासरा बसला, किल्ली फिरवली आणि बुटका पेटला! सुनेनं टाळीच वाजवली. उंबऱ्यातून सासू ओरडली, "लागला का गं?" तेवढ्यात सासऱ्यानं ब्रेकवरचा पाय उचलला आणि बुटका मेला.

पुन्हा पेटवला. पाय दाबलेला असेपर्यंत जिवंत. पाय उचलला की मेला.

मग तिनं एक विचित्र गोष्ट पाहिली. सासऱ्यानं स्टिअरिंगच्या दांड्याला दोन्ही हातांनी खालून धरलं आणि स्वतःलाच बैठकीवर दाबलं. कुणीतरी वरून त्याला उचलून नेत असावं आणि हा घट्ट धरून बसला असावा, तसा. मानेच्या शिरा फुगल्या. पाय उचलला तरी बुटका चालू राहिला, एक झाड, दीड झाड पुढे गेला. मग सासऱ्याचे हात सैल पडले, आणि त्याच क्षणी इंजिनही.

"मामंजी, काय करताय हे?"

"काही नाही. हिसका देऊन बघत होतो." त्याचं कपाळ घामानं डबडबलं होतं. "त्या ठोक्याला निरोप दे. स्विचमध्ये पाणी असेल कुठल्या तरी."

ठोक्या म्हणजे फिटर. हातोडी मारल्याशिवाय त्याचं निदान पुरं होत नसे, म्हणून ठोक्या. तो आला दुपार उलटल्यावर. एरवी उन्हाचा प्रहर, पण सूर्याचा नुसता एक पांढरा डाग होता वर. सायकल फाटकाशीच टाकून तो ओरडत आला.

"काय हो वहिनी, बुटक्याला न्हाऊ घातलंत म्हणे! लोखंडाला आंघोळ सोसत नाही. मला बघा, मी सुद्धा कधीमधीच करतो."

"वासावरून कळतंय," उंबऱ्यातून सासू म्हणाली.

"आजी, डोळे गेले पण नाक शाबूत आहे तुमचं!"

त्यानं बॅटरी बघितली, वायरी हुंगल्या, सवयीनं दोन ठिकाणी ठोकलं. मग स्वतः बैठकीवर बसला. बुटका पहिल्या झटक्यात पेटला. ठोक्यानं पाय उचलला, दोन ओळींना फेरा मारला, गवताचा पट्टा कापत परत आला आणि बंद करून उतरला.

"काय झालंय याला? घोड्यासारखं पळतंय. या बाबा, बसा."

सासरा बसला. बुटका पेटला. पाय उचलला. मेला.

ठोक्या पुन्हा बसला. पळाला. सासरा बसला. मेला.

सुनेनं एकदा बुटक्याकडे, एकदा सासऱ्याकडे पाहिलं. यंत्राला का माणूस कळतो? इतकी वर्षं ज्याच्या मांडीखाली राहिलं, त्यालाच ओळख देईना. आणि परक्याला घेऊन खुशाल हिंडत होतं.

"बाबा, मागे सरकून बसा. हां. आता." मेला. "पुढे सरका." मेला.

ठोक्या बैठकीखाली वाकला. बोटानं कसलासा खटका दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग तसाच वाकलेला थांबला. सरळ झाला तेव्हा त्याच्या तोंडावरची मस्करी पुसली गेली होती.

"बाबा, तुमचं वजन किती हो?"

"होतं तेवढंच," सासरा म्हणाला.

"हां. हां, बरोबर." ठोक्यानं हत्यारं पिशवीत भरायला घेतली. त्यातलं एकही वाजू न देता भरली.

सून त्याच्यामागून फाटकापर्यंत गेली. "काय आहे ते सांगा मला. उद्या सकाळी मालक येणार. गवत तसंच दिसलं तर आमच्या खोल्या गेल्या."

ठोक्यानं मागे बघितलं. धुक्यात शेड दिसत नव्हती, पण त्यानं आवाज उतरवला.

"वहिनी, बैठकीखाली एक खटका असतो. माणूस बसला की बैठक दबते, खटका लागतो, इंजिन चालतं. ब्रेक दाबलेला असला तर त्याचं काही चालत नाही; ब्रेक सुटलेला असताना माणूस पडला, की बैठक उचलते आणि इंजिन बंद. पातं कुणाच्या अंगावरून जाऊ नये म्हणून केलेली सोय ती. खटका ठीक आहे. सगळं ठीक आहे. बाबा बसतात, पण बैठक दबत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे..." त्यानं सायकल उचलली. "बुटक्याच्या लेखी वर कुणी बसलेलंच नाही."

तिनं फाटकाची कडी धरली. मग म्हणाली, "तो खटका काढून टाकता येत नाही?"

"येतो. दोन वायरी जोडल्या की झालं. पण ते मी करणार नाही, आणि तुम्ही दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ नका. वजन ठेवायचंही मनात आणू नका. माणूस पडतो, वहिनी. दगड पडत नाही."

तो गेला. त्याच्या सायकलची खडखड लवकरच धुक्यानं गिळली.

सून पिंपापाशी आली. झाकणावर चार दगड होते. ती बघतच राहिली. मग चिंध्यांच्या गादीची तोंडशिवण उसवून तिनं गोणपाट उलटं केलं. कप्प्यांच्या जुन्या शिवणी अजून होत्या. पहिली शिवण पांढऱ्या दोऱ्याची, बारीक, एकसारखी. शिवणाऱ्याचा हात तेव्हा भक्कम असणार. दुसरी काळ्या दोऱ्याची, तीही बरी. तिसरीचे टाके लांब पडलेले. चौथी सुतळीची, आणि ती शिवण नव्हतीच, सुई कुठे शिरावी तिथे शिरली होती.

एकेक दगड तिनं तळहातावर घेतला. हा पहिला, तेव्हा मामंजींचं जेवण कमी झालं होतं आणि ते म्हणाले होते, उन्हानं भूक मेली. हा दुसरा, तेव्हा कमरेचा पट्टा आणखी आवळायला खिळ्यानं नवं भोक पाडलं होतं. हा तिसरा. हा चौथा. जे अंगातून जात होतं ते म्हातारा गुपचूप नदीतून भरून आणत होता. आणि तिनं ते एका सकाळी उपसून पिंपावर मांडलं होतं.

"आत्याबाई," तिनं आत जाऊन विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

सासूची बोटं जाळीवरून फिरत राहिली.

"एका खाटेवर निजतो आम्ही. आधी तो कूस बदलायचा, तर मी गडगडत त्याच्याकडे जायची. सुतळी करकरायची. आता मी असते खड्ड्यात आणि तो असतो वर, काठावर पाखरू बसावं तसा." तिनं गाठ मारली, दातानं दोरा तोडला. "मी विचारलं नाही. विचारलं तर तो सांगेल ना? म्हणून. बुटका वाजतो तिकडे, तोवर तो आहे. मला तेवढं पुरतं."

मग जाळीवर मान घालून ती स्वतःपुरतं गुणगुणली. तिची ती सवय होती, ओळी आपोआप यायच्या तिला:

*"नाही रूप नाही डोळा, माझी कानाशी सोयरीक,*
*दूर वाजे तुझं चाक, माझ्या कपाळीचा लेख."*

सुनेनं दाभण घेतलं आणि दिव्याशी बसून चारही दगड जागच्या जागी शिवले.

उजाडता उजाडता तिनं गादी नेऊन बैठकीवर ठेवली. सासरा आधीच शेडमध्ये येऊन उभा होता. त्यानं गादीवर हात ठेवला. दाबली नाही, नुसता ठेवला. सुनेकडे बघितलं नाही. तिनंही नाही.

तो बसला. किल्ली. पाय उचलला. बुटका हिंदकळला, चालला, थांबला. चालला, थांबला. दाराशी भिकारी घुटमळावा तसा.

"दोन दिवस जेवलो नाही नीट," सासरा समोर बघत म्हणाला. मग हळूच, "आणखी एक लागेल."

पहिल्यांदाच ते दोघांमध्ये बोललं गेलं.

"मामंजी, नको. ठोक्या म्हणाला..."

"ठोक्या काय म्हणाला ते मला ठाऊक आहे. मालक येईल आता. तुझी सासू जागा बदलली तर भिंतीला आपटत फिरेल. इथली प्रत्येक भिंत तिला पाठ आहे. आण, पोरी."

नदीला जायला वेळ नव्हता. हाताशी होता तो दाराचा दगड. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून फटीत लावलेला. चांगला दांडगा, दोन हातांनी उचलावा असा. तिनं तो उचलला, गादीच्या मागच्या अंगाला ठेवला आणि सुतळीनं गादीसकट आवळून बांधला. सासरा त्याला टेकून बसला.

बुटका असा निघाला की जणू काही झालंच नव्हतं.

पहिली ओळ संपली. ती मागून दंताळं ओढत होती. गवत ओलं, जड, हिरवा वास नाकात चढवणारं. दुसरी संपली. तिसऱ्या ओळीत तिच्या दंताळ्याचा दांडा निसटला, ती बसवायला थांबली. मान वर केली तेव्हा बुटका धुक्यात गेलेला. आवाज मात्र स्पष्ट होता. एकसारखा, न अडखळता.

फाटकाशी गाडी वाजली. मालक आला. ती लगबगीनं तिकडे गेली.

मालक उतरून कान देऊन उभा होता. चेहरा खुललेला. "काय दमदार चालवतोय हो म्हातारा! मला वाटलं होतं, झाला म्हणून. एकदासुद्धा थांबत नाही."

"नाही थांबत," सून म्हणाली. आणि म्हणता म्हणता मागे वळली.

खरंच, थांबत नव्हता. वळणावरसुद्धा नाही. ओळ संपली की मामंजी वेग उतरवायचे, आवाज खाली जायचा, वळून पुन्हा चढायचा. तिला तो आवाज श्वासासारखा पाठ होता. आता तो ना उतरत होता ना चढत होता. एकाच जागी, एकाच सुरात चालला होता. उंबऱ्यातून सासूची गुणगुण ऐकू येत होती. तिला पुरत होतं. चाक वाजत होतं.

इतकी वर्षं त्या आवाजाचा एकच अर्थ होता, आणि पाचवा दगड ठेवून तिनं तो काढून घेतला होता.

"मी बघून येते," ती मालकाला म्हणाली आणि धुक्यात शिरली.

झाडं एकेक करून समोर येत होती आणि मागे जात होती. आवाज वाढला. मग तिला बुटका दिसला. एका झाडाच्या बुंध्याला नाक लावून उभा, मागची चाकं जागेवरच फिरत होती, माती उकरत होती. आणि बैठकीवर मामंजी होते. पुढे वाकलेले, लहानसे, मान खाली घातलेले.

"मामंजी!"

हलले नाहीत.

"मामंजी, झाडाला लागलाय! ब्रेक दाबा!"

ती पळत जवळ गेली. बैठकीवर मामंजी नव्हते. गादी होती, आणि तिच्यावर बांधलेला दाराचा दगड, ओला, काळा, माणसासारखा बसलेला. बुटका त्याला घेऊन काम करत होता.

पात्यांखाली बघायला तिची मान वळेना. वळवली. गवत होतं. नुसतं गवत.

"इकडे," आवाज आला.

दोन झाडं मागे, बुंध्याला पाठ टेकून सासरा बसला होता. पाय पसरलेले, टोपी मांडीवर. एका कोपराला माती लागली होती.

"घसरलो," तो म्हणाला. "मग वाटलं, थांबेल. तो काही थांबला नाही. बघत बसलो त्याच्याकडे. वळलासुद्धा थोडा, बघ. शहाणं जनावर." आणि कौतुकानं म्हणावं तसं म्हणाला, "माझ्यावाचून त्याचं काही अडत नाही, सूनबाई."

तिनं दोन्ही हातांनी दगडासकट गादी उचलली. बैठक वर आली. बुटका मेला.

अशी शांतता पडली, की पानावरचं पाणी खाली पडलेलं ऐकू यावं. आणि त्या शांततेतून, लांबून, सासूची हाक आली. शब्द नव्हता त्यात, नुसता स्वर.

सासऱ्याचा चेहरा तेव्हा कुठे बदलला. "तिला... लवकर. लवकर लाव ते."

सुनेनं गादी त्याच्या मांडीवर ठेवली, ठेवायला दुसरी जागा दिसेना म्हणून. वळली आणि बुटक्यावर चढून बसली. उघड्या लोखंडावर. बैठक तिच्याखाली सरळ दबली. इतकी वर्षं मागून चालताना तिनं प्रत्येक दांडा, प्रत्येक पाय पाहिला होता. ब्रेक दाबला, किल्ली फिरवली, आणि बुटका पेटला. तिनं पाय उचलला. तो चालू राहिला. तिच्या लेखी, त्याच्या लेखी, वर कुणीतरी होतं.

मागे घेतला, बुंध्यापासून सोडवला, ओळीला लावला. ओळ संपली तिथे वेग उतरवला. वळली. चढवला. लांबवरची हाक थांबली होती.

एक ओळ, मग दुसरी. दर फेऱ्याला ती त्या झाडाशी आली की ओरडायची, "मामंजी!" आणि धुक्यातून एक हात वर यायचा. एका फेऱ्याला हात दिसला नाही, नुसती गादी दिसली. ती पुन्हा ओरडली. मग टोपी हलली.

वारा सुटला. आधी शेंड्यांवर, मग अंगावर. घराकडून दार आपटल्याचा आवाज आला, पुन्हा आपटल्याचा. त्याला आता दगड नव्हता. धुकं फाटत गेलं, आणि कापलेल्या ओळीच्या टोकाशी मालक उभा असलेला दिसला. तिला बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

तिनं बुटका त्याच्यासमोर आणून थांबवला. बंद केला नाही.

"तू चालवतेस?"

"एकच ओळ राहिली, बाकी मोकळ्या झाल्या. बघून घ्या."

मालकानं मागे बघितलं, पुढे बघितलं. "सरळ आहेत," तो नाइलाजानं म्हणाला. "आणि म्हातारा?"

"ते सांगतात, मी करते."

"बरं. मग खोल्यांचं बघू नंतर."

"'बघू' नको, मालक. आत्ताच सांगा."

बुटका दोघांमध्ये धडधडत होता. मालकानं त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, तिच्या चिखलानं भरलेल्या पायांकडे.

"राहा," तो म्हणाला आणि फाटकाकडे वळला.

शेवटची ओळ कापून ती झाडाशी आली. सासू ऐकत असेल म्हणून इंजिन चालूच ठेवलं, नुसती पाती थांबवली, ब्रेक अडकवला आणि बैठकीवरूनच हात पुढे केला. "चला, मामंजी. माझ्या पुढ्यात बसा, नेते घरी. आणा ती गादी इकडे. खाली टाकते दगड. कशाला ओझं घेऊन बसलात?"

सासऱ्यानं गादी दोन्ही हातांनी जवळ धरली होती, झोपलेलं मूल धरावं तशी. वाऱ्यानं त्याच्या सदऱ्याची दोन्ही टोकं उचलली होती, आणि आत कुणी नसल्यासारखा सदरा फडफडत होता.

"राहू दे गं मांडीवर," तो म्हणाला. "वारा सुटलाय."